बर्फावरची धडक आणि शिक्षेचा हिशोब: एनएचएलबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टोरंटोच्या बाजूला राहायला लागल्यापासून आइस हॉकीचं वेड लागलंय आणि मंडळाच्या गणपतीत, ऑफिसात, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर, सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात. "अरे त्याने त्याला एवढं जोरात हाणलं आणि काहीच नाही?" किंवा उलट, "एवढ्याशा धक्क्याला पाच मॅचची बंदी?" दरवेळी तोंडी सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. इथे फक्त एनएचएलबद्दल बोलणार आहे, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग.

धडक मारणं तर नियमातच बसतं ना? मग धोकादायक कुठली?

बसतं. ज्याच्याकडे पक (बॉलऐवजी असते ती रबराची चकती) आहे किंवा ज्याने आत्ताच सोडलाय त्याला खांद्याने, छातीने अडवायचं, त्याला चेक म्हणतात आणि चांगला चेक बसला की अख्खं स्टेडियम उठून ओरडतं. नव्वद-शंभर किलोचे गडी ताशी तीस-पस्तीसच्या स्पीडने येतात, तेव्हा नियमात बसणारी धडकसुद्धा बघवत नाही कधीकधी. नियमाबाहेरच्या म्हणजे पाठीमागून हाणणं, बेसावध माणसाला कडेच्या बोर्डावर आपटणं, लांबून धावत किंवा उडी मारून येणं, कोपर, गुडघा, आणि सगळ्यात भांडणाचा विषय, डोकं.

डोक्याला लागलं की गुन्हा, इतकं सरळ का नाही ठेवत?

आंतरराष्ट्रीय हॉकीत साधारण तसंच आहे, डोक्यावरचा चेक "स्वच्छ" असूच शकत नाही असा त्यांचा पवित्रा. एनएचएलमध्ये मात्र नियम ४८ आहे आणि त्यात दोन अटी आहेत. धडकेचा मुख्य भार डोक्यावर पडलेला हवा आणि तो टाळता येण्यासारखा हवा. मग वाद सुरू. समोरचा ऐनवेळी वाकला का, त्यानेच डोकं पुढे केलं का, मारणारा अंगातूनच जायला बघत होता का, वगैरे. प्रत्येक क्लिप स्लो मोशनमध्ये दहा वेळा बघा, दहा मतं निघतील.

आणि हा नियमसुद्धा २०१० च्या आधी नव्हता! ७ मार्च २०१० ला पिट्सबर्गच्या मॅट कुकने बोस्टनच्या मार्क सावार्डला गाठलं. सावार्डने शॉट मारला, त्याची नजर अजून पकवरच होती, कुक बाजूने, त्याला दिसणार नाही अशा कोनातून आला आणि खांदा थेट डोक्यात घातला. सावार्ड आडवा. सस्पेन्शन (म्हणजे पुढच्या मॅच खेळायला बंदी) शून्य. कारण तेव्हाच्या नियमात खांद्याने डोक्याला मारणं बसत होतं, आणि त्यावेळी शिस्तीचं काम बघणारे कॉलिन कॅम्पबेल यांचं म्हणणं असं की आदल्या ऑक्टोबरात माइक रिचर्ड्सने डेव्हिड बूथला असंच पाडलं तेव्हाही आपण सस्पेन्ड केलं नव्हतं, मग आता वेगळं कसं वागणार.

हे वाक्य मी कधी विसरत नाही, कारण लोक "सातत्य पाहिजे, सातत्य पाहिजे" म्हणून बोंब मारतात ना, तर हे घ्या सातत्य. पहिल्याला सोडला म्हणून दुसऱ्यालाही सोडला. हिशोब एकदम चोख, फक्त सावार्डचं करिअर पुढच्या जानेवारीत आणखी एका धडकेनंतर संपलं. पुढे नियम ४८ आला, २०११ मध्ये तो आणखी रुंद केला, बाजूनेच मारलेलं हवं ही अट काढली.

शिक्षा ठरवतं कोण? रेफ्री?

रेफ्री फक्त मॅचपुरतं. दोन किंवा पाच मिनिटं बाहेर बसवणं (तेवढा वेळ टीम एक गडी कमी घेऊन खेळते), नाहीतर मॅचमधूनच बाहेर काढणं. पुढच्या किती मॅच बसायचं हे न्यूयॉर्कमधलं डिपार्टमेंट ऑफ प्लेयर सेफ्टी ठरवतं. हे २०११ मध्ये सुरू झालं, पहिले प्रमुख ब्रेंडन शनाहन, मग स्टेफान किंताल, आणि २०१७ पासून जॉर्ज पॅरोस. पॅरोस म्हणजे मिशीवाला, प्रिन्स्टनमध्ये शिकलेला आणि बर्फावर मारामारी करून पोट भरलेला माणूस. चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली असं बरेच जण म्हणतात, पण मला उलट वाटतं, कुठला धक्का मुद्दाम मारलाय हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

सिस्टिम अशी: एका खोलीत स्क्रीन लावून सगळ्या मॅच बघतात, संशयास्पद काही दिसलं की क्लिप कापतात, आपसात चर्चा, मग खेळाडूला सुनावणी. पाच मॅचपर्यंतचं प्रकरण फोनवर उरकतं. सहा किंवा जास्त द्यायचे मनात असेल तर समोरासमोर सुनावणी देऊ करावी लागते. हा पाच-सहाचा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. शिक्षा झाली की व्हिडिओ टाकतात, त्यात शांत आवाजात सांगतात की खांदा कुठे होता, डोकं कुठे होतं, का दिली शिक्षा. हा व्हिडिओ मला मनापासून आवडतो. अडचण ही की शिक्षा *नाही* दिली तर बहुतेकदा असा व्हिडिओ येतच नाही, आणि भांडणं तर त्याच क्लिपवरून जास्त होतात.

समोरच्याला किती लागलं यावर शिक्षा कमीजास्त होते, हा कुठला न्याय?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्याच फांद्या.

खेळाडूंची युनियन आणि लीग यांच्यातला जो करार आहे त्यातच लिहिलंय की शिक्षा ठरवताना कृती कशी होती, जखम झाली का, माणूस आधी पकडला गेलाय का, मॅचमध्ये परिस्थिती काय होती (म्हणजे शेवटची मिनिटं, एकतर्फी स्कोअर, आधीचं भांडण) हे सगळं बघायचं. त्यामुळे जखम मोजणं ही कुणाची लहर नाही, कागदावर आहे. पण कागदावर आहे म्हणून बरोबर असं थोडंच?

एक उदाहरण सांगतो, ते सस्पेन्शनचं नाही, मॅचमधल्या पेनल्टीचं आहे, पण याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही. २३ एप्रिल २०१९, सॅन होजे विरुद्ध व्हेगस, सातवी मॅच, हरेल तो घरी. तिसरा म्हणजे शेवटचा पीरियड, व्हेगस ३-० ने पुढे. फेसऑफ झाला (रेफ्री दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू करतो तो), पक गेला, आणि व्हेगसच्या कोडी ईकिनने समोरच्या जो पॅव्हेल्स्कीला दोन्ही हातांत आडव्या धरलेल्या स्टिकने छातीवर ढकललं. असं फेसऑफनंतर रोज होतं, पंधरावीस वेळा होतं, कुणी बघत पण नाही. पॅव्हेल्स्की मागे धडपडला, तेवढ्यात दुसऱ्या खेळाडूचा धक्का लागला आणि तो तोल जाऊन डोक्यावर पडला. हेल्मेटखालून बर्फावर रक्त. तोपर्यंत एकाही रेफ्रीचा हात वर गेलेला नव्हता. रक्त बघितलं, चौघं जमले, बोलले, आणि पाच मिनिटांची मोठी पेनल्टी दिली. त्या पाच मिनिटांत सॅन होजेने चार गोल केले. चार! शेवटी ओव्हरटाइममध्ये ५-४ ने जिंकले आणि व्हेगस घरी.

आता सांगा, ईकिनला शिक्षा कशाची झाली? ढकलण्याची की पडण्याची? पॅव्हेल्स्की नुसता पार्श्वभागावर पडला असता तर दोन मिनिटंपण मिळाली नसती. पुढच्या सीझनपासून अशा मोठ्या पेनल्ट्या रेफ्रींनी व्हिडिओवर परत तपासायच्या असा नियम आला, म्हणजे लीगलाही कळलं काय झालं ते.

आणि उलटी बाजू. ८ मार्च २०११, मॉन्ट्रियल. बोस्टनचा झेडेनो चारा, सहा फूट नऊ इंच उंच, त्याने मॅक्स पाचोरेटीला कडेला दाबलं, आणि जिथे खेळाडूंच्या बाकांमधली काच सुरू होते तिथल्या खांबावर पाचोरेटीचं डोकं जाऊन आदळलं. मानेचा मणका मोडला, कन्कशन, म्हणजे मेंदूला मार. माणूस हलत नव्हता. चाराला सस्पेन्शन? काही नाही. लीगचं म्हणणं, पक नसलेल्याला अडवल्याची पेनल्टी बरोबर होती, पण खांब तिथे असणं हे दुर्दैव. यावरून एअर कॅनडाने स्पॉन्सरशिप काढून घेण्याची धमकी दिली, पोलिसांनी चौकशी केली (पुढे गुन्हा दाखल झाला नाही). म्हणजे ईकिनच्या बाबतीत जखमेवरून शिक्षा ठरली आणि चाराच्या बाबतीत एवढी मोठी जखम होऊन "दुर्दैव". मधे आठ वर्षं गेली, माणसं वेगळी, हे मान्य, पण बघणाऱ्याच्या डोक्यात या दोन क्लिप शेजारीशेजारीच बसतात त्याला काय करणार.

माझं मत विचाराल तर शिक्षा कृतीला द्या. डोक्यावर आलास, मागून आलास, टाळता येत होतं आणि टाळलं नाहीस, तर समोरचा उठून हसत गेला तरी तेवढेच मॅच. जखम फार फार तर वरची एखादी मॅच. आत्ता होतं काय की जो तगडा गडी मार खाऊन पटकन उठतो, त्याला मारणारा स्वस्तात सुटतो.

स्टार खेळाडूंना सूट मिळते का?

मिळते असं वाटण्याजोगं खूप काही आहे. २०१२ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) नॅशव्हिलच्या शे वेबरने मॅचच्या शेवटी डेट्रॉइटच्या हेन्रिक झेटरबर्गचं डोकं हाताने धरून काचेवर आपटलं, हेल्मेट तडकलं. दंड फक्त २,५०० डॉलर. त्याच आठवड्याभरात राफी टोरेसने मारियन होसाला मारलं, होसा स्ट्रेचरवरून गेला, टोरेसला २५ मॅच (नंतर कमी करून २१). वेबर कॅप्टन आणि मोठं नाव, टोरेस तिसऱ्या-चौथ्या लाइनचा, म्हणजे कमी वेळ बर्फावर उतरणारा, आणि आधीचा पापी. होसाला जबर लागलं, झेटरबर्ग पुढची मॅच खेळला. आता यात नाव किती, रेकॉर्ड किती, जखम किती, ते वेगळं करून दाखवा बघू.

५,००० डॉलर दंड म्हणजे काय चेष्टा आहे का?

आहे. पण ती चेष्टा खेळाडूंच्या युनियनने सही करून घेतलेली आहे. २०१३ च्या करारात सुनावणीशिवाय द्यायच्या दंडाची कमाल मर्यादा ५,००० डॉलर ठेवली, त्याआधी २,५०० होती.

मे २०२१ चं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने बर्फावर पालथ्या पडलेल्या न्यूयॉर्क रेंजर्सच्या पावेल बुचनेविचला बुक्का मारला आणि नंतरच्या झटापटीत आर्टेमी पानारिनला खाली आपटलं, पानारिनचा सीझन तिथेच संपला. विल्सनला ५,००० डॉलर. कोट्यवधी कमावणाऱ्याला. रेंजर्सचं डोकं फिरलं, त्यांनी जाहीर पत्रक काढलं की पॅरोस या पदाला लायक नाहीत. लीगने रेंजर्सना दंड लावला, किती? २,५०,००० डॉलर. म्हणजे माणसाला आपटण्यापेक्षा ऑफिसबद्दल वाईट लिहिणं पन्नासपट महाग! दोन दिवसांनी परत याच दोन टीम समोरासमोर, पक पडला आणि लगेच हाणामाऱ्या सुरू, पहिल्या पाच मिनिटांत सहा. वरून कोण ठोस काही करत नाही असं दिसलं की लोक स्वतः हिशोब करतात, गल्लीतपण हेच होतं. आणि गंमत बघा, त्या मॅचमधल्या स्टिकच्या फटक्यासाठी एक मॅच सस्पेन्ड झाला कोण, तर बुचनेविच.

रिपीट ऑफेन्डर म्हणजे नक्की काय?

इथे भले भले चुकतात. सस्पेन्ड झाल्यावर १८ महिने तुम्ही "रिपीट" राहता, पण ते फक्त पैशाच्या हिशोबासाठी. मॅच किती द्यायच्या हे ठरवताना ते अख्खा इतिहास काढू शकतात.

पैशाचं गणित असं: पहिल्यांदाचा असेल तर वार्षिक पगार भागिले सीझनचे दिवस, साधारण १८६. रिपीट असेल तर भागिले ८२, म्हणजे मॅचची संख्या. टोरेसने २०१५ च्या प्रीसीझनमध्ये याकोब सिल्व्हरबर्गच्या डोक्यावर धडक मारली, ४१ मॅच मिळाल्या, अर्धा सीझन! पण मागच्या शिक्षेला १८ महिने उलटून गेले होते, मग पगार २० लाख, भागिले १८६, गुणिले ४१, झाले ४,४०,८६० डॉलर. रिपीट धरला असता तर सरळ १० लाख. ज्याचं नाव काढलं की लोक सस्पेन्शनच आठवतात तो कागदावर पहिलटकर. ४१ मॅच कडक म्हणा, पण पैशाच्या रकान्यात त्याला सवलत मिळाली. (कापलेले पैसे खेळाडूंच्याच मदत निधीत जातात, लीगच्या खिशात नाही, हेपण पुष्कळांना माहीत नसतं.)

अपील करता येतं का?

येतं, आधी कमिशनर गॅरी बेटमनकडे. म्हणजे ज्यांच्या ऑफिसने शिक्षा दिली त्यांच्याच साहेबाकडे. त्रयस्थ लवाद हवा असेल तर शिक्षा सहा किंवा जास्त मॅचची पाहिजे. टॉम विल्सनला २०१८ मध्ये ऑस्कर सुंडक्विस्टवरच्या धडकेबद्दल २० मॅच मिळाल्या, बेटमननी कायम ठेवल्या, लवाद श्याम दास यांनी १४ केल्या. पण निकाल येईपर्यंत तो १६ मॅच बसून झाला होता. दोन मॅच हवेतच गेल्या. पैसे परत करता येतात, मॅच कुठून परत देणार?

प्लेऑफमध्ये नियम बदलतात का?

नियम नाही, हात बदलतो. प्लेऑफची एक मॅच नेहमीच्या दोनच्या बरोबरीची धरतात असं सगळेच बोलतात. म्हणूनच २०११ च्या फायनलमध्ये व्हँकुव्हरच्या एरन रोमला नेथन हॉर्टनवरच्या उशिरा धडकेसाठी ४ मॅच मिळाल्या तेव्हा भूकंप झाला होता.

क्रिकेटसारखं टेबल का नाही लावत? लेव्हल एक, लेव्हल दोन, डिमेरिट पॉइंट...

पुण्याचे काका हे हमखास विचारतात. काका, क्रिकेटमध्ये रेफ्री बहुतेक वेळा शिवीगाळ, पंचांवर चिडणं, बॅट आपटणं असलं मोजतो, त्याला टेबल पुरतं. इथे पाव सेकंदात दोघांची डोकी, खांदे, गुडघे सगळं हलतंय. तरी मी म्हणतो खालची मर्यादा तरी लावा. डोकं मुख्य आणि टाळता येण्यासारखं ठरलं की कमीत कमी इतक्या मॅच, त्याच्या वर तुमची अक्कल चालवा. आत्ता तळच नाहीये, म्हणून एकाच जातीच्या दोन हिटना एकीकडे काहीच नाही आणि एकीकडे चार असं होतं.

आधी तरी बरं होतं का?

छे. १२ डिसेंबर १९३३ ला बोस्टनच्या एडी शोरने टोरंटोच्या एस बेलीला मागून पाडलं, कवटी फुटली, जगेल की नाही याची खात्री नव्हती. शोरला १६ मॅच. बेली वाचला पण परत कधी खेळला नाही. दोन महिन्यांनी त्याच्या मदतीसाठी टोरंटोत मॅच ठेवली, तिथे बेलीने सगळ्यांसमोर शोरशी हात मिळवला.

इतकं मारतात तर पोलीस का येत नाहीत?

येतात, क्वचित. २००० मध्ये मार्टी मॅक्सॉर्लीने डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यात स्टिक घातली, २००४ मध्ये टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून बुक्का मारून बर्फावर दाबलं आणि मूर पुन्हा एनएचएलमध्ये दिसला नाही. दोन्ही प्रकरणं कोर्टात गेली, दोघांपैकी कुणी तुरुंगात गेलं नाही.

आमच्या मुलीला हॉकीला घालायचंय, भीती वाटते.

घाला हो. कॅनडात लहान वयोगटांमध्ये अंगाची धडक मारायला बंदीच आहे, २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटातूनसुद्धा काढली. माझी पोरगी खेळते, आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी दुखापत पार्किंगमध्ये बर्फावर घसरून झालीये, तीही माझी.

तुम्ही लीफ्सवाले (म्हणजे टोरंटोच्या टीमचे), तुम्ही काय निःपक्षपाती बोलणार?

बरोबर आहे. फेब्रुवारी २०२४, ऑटावात मॅच, शेवटची काही सेकंदं, आमचा गोलकीपर बाहेर, रिकामा गोल. त्यांच्या रिडली ग्रेगने अगदी जवळ जाऊन, नुसतं सरकवायचं सोडून, पूर्ण ताकदीने स्लॅपशॉट मारला, म्हणजे शुद्ध खिजवणं. आमचा मॉर्गन रायली, आयुष्यात कधी सस्पेन्ड न झालेला सभ्य माणूस, धावत गेला आणि आडवी स्टिक त्याच्या तोंडावर मारली. पाच मॅच. समोरासमोरची सुनावणी देऊ केली होती, म्हणजे सहा द्यायची तयारी होती, आणि दिल्या पाच, की झालं, लवाद बाद, बेटमनच्या पुढे जायची सोयच नाही. त्यांनी पाचच कायम ठेवल्या. ग्रेगला काही विशेष लागलंही नव्हतं. मी तेव्हा ऑफिसात दोन दिवस नुसता भांडत होतो, लागलं नाही तर पाच कसल्या, हा कुठला न्याय, वगैरे.

मग एका रात्री आवाज बंद करून ती क्लिप परत बघितली. पक गोलमध्ये गेलेला, खेळ थांबलेला, आणि स्टिक सरळ तोंडाकडे. पाच बरोबर होत्या. ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही.